घरचे किती, पाहुणे किती

माझ्या लग्नात मी जेवले नाही. नवरीला जेवायला उशीर होतो, ते ठाऊकच होतं. पण त्या दिवशी मांडवात कुणीच धड जेवलं नाही, आणि त्याला कारण सरकार होतं. आता केस पांढरे झाले, नातवंडं झाली, तरी हे लिहायला घेतलं की संताप तसाच वर येतो.

निजामाचं राज्य घालवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तेव्हा सोळा-सतरा वर्षं होऊन गेली होती. आम्ही छावणीच्या बाजारामागच्या गल्लीत राहायचो. करमाडला थोडी जमीन होती, ती काका कसायचे. माझ्या वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते तहसील कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. अर्जनवीस म्हणत त्यांना. त्या कामाला कचेरीचा परवाना लागायचा. निजामाच्या काळात त्यांनी उर्दूत अर्ज लिहिले, राज्य बदलल्यावर चाळिशीत मराठी दफ्तरी भाषा नव्यानं शिकले. गळ्यात माळ, ताटात कांदा-लसूण नाही, खोटं बोलणं नाही. उभ्या आयुष्यात ते कुठल्या मोर्चात गेले नव्हते. घोषणा देणारी माणसं दिसली की रस्त्याच्या कडेनं चालायचे. ते म्हणायचे, "सरकारनं चोर धरावा, रस्ता नीट ठेवावा, सीमेवर फौज ठेवावी. त्याच्या पुढं आमचा उंबरा लागतो."

शेजारी चाचा राहायचे. ते दर्जी होते, छावणीतल्या फौजेच्या वर्द्या शिवायचे. माझ्या परकरापासून लग्नाच्या चोळीपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वाईट दिवसांत आई मला कडेवर घेऊन त्यांच्या घरी राहिली होती. त्यांच्या अंगणात तिनं तीन दगड मांडून आपली वेगळी चूल केली, पण पीठ त्यांचं, सरपण त्यांचं. मग भारताची फौज आली, वारं फिरलं, आणि अण्णा चार दिवस चाचांच्या दाराशी बसून राहिले. कुणी आलं की म्हणायचे, "आधी माझ्याशी बोला." ह्या गोष्टी आमच्याकडं कुणी कौतुकानं सांगत नसे. बाजारातून मीठ आणल्यासारख्या त्या झाल्या होत्या.

माझं लग्न ठरलं ते टंचाईचं साल होतं. रेशनवर लाल ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला तडे जायचे. त्यात सरकारचा हुकूम निघाला, की लग्नात घरच्यांशिवाय पन्नासच पाहुणे जेवतील. अण्णांनी हुकूम दोनदा वाचला. त्यांना तो पटला नाही, पण मोडायचा विचारही त्यांच्या मनात आला नाही. त्यांनी सुंदर अक्षरात यादी केली. एका रकान्यात घरचे, दुसऱ्यात पाहुणे. पाहुणे बरोबर पन्नास, त्यातले तीस चिकलठाण्याहून येणारे वऱ्हाडी. घरच्यांत काका-काकू, त्यांची पोरं, विधवा आत्या, आणि शेवटी चाचांच्या घरची पाच माणसं.

आई म्हणाली, "चाचांना पाहुण्यांत घाला की."

"का? ते पाहुणे हायेत व्हय?" अण्णा म्हणाले, आणि विषय संपला.

अक्षता पडल्या. वऱ्हाडाची पंगत मांडवात बसली. आमच्याच शेतातल्या गव्हाच्या पुऱ्या होत्या, वांग्याची भाजी, वरण, बुंदी. चाचा, चाची, त्यांचे दोन मुलगे आणि सून ओसरीवर बसले होते. त्यांच्या पत्रावळी तिथं मांडल्या होत्या. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडं तसंच असायचं.

मी शालू नेसून माजघराच्या खिडकीशी बसले होते. तिथून मला तो दिसला. पुरवठा खात्याचा इन्स्पेक्टर. तिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, मागं दोन पोलीस. दारात त्यानं चपला काढल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण तो उद्धट नव्हता. उद्धट असता तर कुणीतरी त्याला शिवी दिली असती आणि माझा राग तिथंच फिटला असता. त्यानं शेवटपर्यंत आवाज चढवला नाही.

"घरचे किती, पाहुणे किती?" त्यानं अण्णांना विचारलं.

अण्णांनी यादी दिली. त्यानं ती वाचली आणि म्हणाला, "रेशनकार्ड दाखवा. कार्डावर नाव असंल तो घरचा. बाकी सगळे पाहुणे."

मग तो मांडवातून फिरला. घास हातात धरलेल्या माणसांना विचारत गेला, तुम्ही कोण, तुम्ही कोण. आत्यापाशी आला. आत्याचं नाव करमाडच्या कार्डावर. ती नवव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि चौदाव्या वर्षी माघारी आली, तेव्हापासून आमचं घर हेच तिचं घर. ती म्हणाली, "मी ह्याची बहीण हाय, बाबा." तो म्हणाला, "कार्ड?" त्यानं तिच्या नावासमोर एक रेघ ओढली. काका-काकू, त्यांची पोरं, सगळ्यांसमोर रेघा.

मग तो ओसरीवर गेला. चाचांना नाव विचारलं, चाचांनी सांगितलं. त्यानं यादीत बघितलं, मग अण्णांकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच हसला.

"हे तुमच्या घरचे?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

"घरचे असते तर आत पंगतीत बसले असते. ओसरीवर कशाला बसवलं असतं?"

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी शब्द शोधणारा माणूस, त्याला एक शब्द सापडेना. मला वाटलं, आत्ता बोलतील, आत्ता बोलतील. ते बोलले नाहीत, कारण त्या माणसानं म्हटलेलं खरं होतं. मला त्या क्षणी इन्स्पेक्टरचा जेवढा राग आला तेवढाच अण्णांचा आला. अठरा वर्षांची होते मी. पण एवढं कळलं, की आपण आपल्या हातानं एक फट ठेवली होती आणि त्या फटीतून हा माणूस आत आला.

चाचा उठले. अर्धी पुरी पत्रावळीत ठेवली, पत्रावळ दुमडली आणि म्हणाले, "साब, मैं उठ जाताऊँ. बच्ची की शादी है, बखेडा नक्को." त्यांच्यामागं चाची उठली, मुलगे उठले, सून उठली. खरकट्या हातांनी ती पाच माणसं आमच्या दारातून बाहेर गेली.

"उठून काय फरक नाय पडत," इन्स्पेक्टर म्हणाला. "वाढलेलं मोजायचं असतं."

पन्नासाच्या वर चौदा माणसं निघाली. पंचनामा झाला. बुंदीची दोन पितळी पातेली आणि पुऱ्यांच्या पाट्या जप्त झाल्या. वऱ्हाडी उठले. माझ्या सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सून आणली का मुद्देमाल आणला?" मी पाठवणीत रडले नाही. सगळ्यांना वाटलं, पोरगी धीराची आहे. माझे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की रडायला तोंडच उघडत नव्हतं.

माझा नवरा पाटबंधारे खात्यात कारकून होता. स्वभावानं चांगला, सरकारवर विश्वास ठेवणारा. पहिल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं.

"देशात धान्य नाही," तो म्हणाला. "लोकांनी पोटभर पंगती उठवायच्या, आणि दुसऱ्यांनी उपाशी राहायचं? हुकूम चुकीचा नाही."

"धान्य मागा," मी म्हटलं. "दोन पोती मागा, देतो. पण माझी आत्या माझी आहे का, हे फाईलवाला कोण सांगणार? चाचांना उठवायचा हक्क त्याला कुणी दिला?"

"ओसरीवर तर तुम्हीच बसवलं होतं."

ह्यावर मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. तेही खरंच होतं म्हणून.

तिकडं माहेरी अण्णांनी अर्ज लिहायला सुरुवात केली होती. तहसीलदारांना, कलेक्टरांना, मुंबईला मंत्र्यांना. नम्र, मुद्देसूद अर्ज. घर म्हणजे काय हे ठरवणं कार्डाचं काम नाही, जप्त अन्न गरिबांत वाटावं, पंचनामा रद्द व्हावा. एकाचंही उत्तर आलं नाही. एके दिवशी पोच मागायला ते पुरवठ्याच्या खोलीत गेले तर कोपऱ्यात आमची पातेली दिसली. लाखेचं सील तसंच, आणि फडक्याच्या खालून मुंग्यांची रांग भिंतीपर्यंत गेलेली. लेखनिक म्हणाला, "मुद्देमाल आहे, हात लावू नका." लाल ज्वारीसाठी बाया पहाटेपासून रांगेत उभ्या राहायच्या त्या दिवसांत, धान्य वाचवायच्या नावाखाली आमची दोन पातेली बुंदी त्यांनी मुंग्यांना घातली.

अण्णा त्या दिवशी कामावर बसले नाहीत. कचेरीतून ते थेट चाचांच्या दुकानात गेले. दोघं काय बोलले ते मला चाचींनी नंतर सांगितलं. अण्णा म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. ओसरीची." चाचा मशीन चालवत होते, ते थांबले नाहीत. म्हणाले, "तुमची चूक तुमच्या-माझ्यात. त्याची चूक सगळ्या शहरात." मग अण्णांनी आपला बेत सांगितला.

दोन महिन्यांनी मी माहेरी आले तेव्हा गल्लीत त्याचीच कुजबुज होती. जमलेली माणसं बघितली असती तर कुणी त्यांना चळवळे म्हटलं नसतं. पेन्शनीतले एक मास्तर, मारुतीचे पुजारी, मशिदीत बांग देणारे बुजुर्ग, बांगड्या भरणारी कासारीण, करमाडचे काका आणि त्यांच्या भावकीतले पंधरा-वीस शेतकरी, आणि आत्या. बहुतेक सगळे पन्नाशीच्या पुढचे, टोप्या-फेटे घालणारे, सण-वार पाळणारे. गल्लीतली तरणी पोरं हसली. एकानं अण्णांना विचारलं, "निजाम गेला म्हणून पेढे वाटले ना तुम्ही? मग आता आपल्याच सरकारवर उठलात?"

अण्णा चिडून बोललेले मी तेव्हाच ऐकले. "निजामानं माझी भाषा दाबली. पण माझ्या पंगतीत त्यानं कधी माणूस पाठवला नाय. आपलं सरकार म्हणता ना? मग आपल्याच माणसानं आपल्या घरात मोजणी करायची, हे लई वाईट."

"अण्णांबरोबर कचेरीवर जाऊ नकोस," सासरहून निघताना नवऱ्यानं बजावलं होतं. "माझी नोकरी आहे." मी आईकडून पिठलं-भाकरी बांधून घेतली आणि गेले.

आम्ही सत्तरएक जण तहसील कचेरीसमोर, लिंबाच्या सावलीत, दोन रांगांत समोरासमोर बसलो. प्रत्येकानं आपली पत्रावळ आणली होती आणि आपली भाकर आणली होती. नियम एकच ठरला होता. आपलं आपण खायचं नाही. आपली भाकर शेजाऱ्याच्या पानात वाढायची. म्हणजे जो तो यजमान आणि जो तो पाहुणा. घोषणा नाहीत, फलक नाहीत. पुजाऱ्यांनी हळू आवाजात श्लोक म्हटला, बुजुर्गांनी बिस्मिल्ला म्हटलं.

अण्णा चाचांच्या शेजारी बसले होते. चाचींनी नव्या पातेल्यात, कांदा-लसूण न घालता तुरीची डाळ केली होती. चाचांनी ती अण्णांच्या पानात वाढली. कचेरीच्या व्हरांड्यात कारकून जमले होते, रस्त्यावर टांगे थांबले होते. अण्णांचा हात डाळीवर आला आणि थांबला. आयुष्यात त्यांनी परक्या चुलीवरचं खाल्लं नव्हतं. शेजारच्या मास्तरांनी मान खाली घातली. मी मनात म्हणत होते, खा, खा आता, खा! त्यांनी घास मोडला आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. पान साफ केलं.

तोच इन्स्पेक्टर बाहेर आला. अण्णांनी उठून त्याला यादी दिली. घरचे ह्या रकान्यात सत्तर नावं, पाहुणे हा रकाना कोरा.

"हे काय?" तो म्हणाला.

"मोजा," अण्णा म्हणाले. "एकसुद्धा पाहुणा नाय."

ह्या वेळी तो हसला नाही. साहेबांना फोन झाला, पोलिसांची गाडी आली. आम्हाला चढवताना एक म्हातारा हवालदार मला म्हणाला, "अक्का, भाकर झाकून घ्या, धूळ लई उडतीय." दिवसभर आम्हाला ठाण्याच्या आवारात बसवून ठेवलं, नावं लिहून घेतली, दिवस बुडायच्या आत सोडलं. पुढं खटला झाला, थोडाथोडा दंड झाला. घरी आल्यावर अण्णांनी दोन बादल्या पाण्यानं आंघोळ केली. ती ठाण्यातल्या धुळीसाठी की आणखी कशासाठी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

पंधरा दिवसांनी नवऱ्याच्या हातात खात्याचा मेमो आला. आपली पत्नी सरकारविरोधी जमावात होती, ती पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्यावं. तो मेमो घेऊन स्वयंपाकघरात आला. मला वाटलं, आता ओरडेल. तो पाटावर बसला आणि त्यानं मेमो पुन्हा वाचला. हुकूम बरोबर आहे असं मला सांगणारा माणूस, त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"तुझ्याबद्दल मी लिहून द्यायचं?" तो म्हणाला. "तू काय खात्याचं कपाट आहेस?"

त्यानं उत्तर लिहिलं ते एका ओळीचं. माझी पत्नी खात्याच्या नोकरीत नाही, सबब तिच्यातर्फे काही लिहून देता येत नाही.

त्याची बदली किनवटला झाली. जंगल, हिवताप आणि पावसाळ्यात तुटणारा रस्ता. पाच वर्षं आम्ही तिथं काढली. माझी मोठी मुलगी तिथंच झाली, आणि दवाखान्यात औषध नसल्यानं तापात हातची जाता जाता राहिली. सासूबाईंनी मला दोष दिला. नवऱ्यानं एकदाही दिला नाही.

अण्णांचा परवाना त्या वर्षी नवा करून मिळाला नाही. झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो असा अर्ज करा, लगेच देतो, असं त्यांना सांगण्यात आलं. अण्णा नाही म्हणाले. लिंबाखालची जागा दुसऱ्याला मिळाली. ते घराच्या ओट्यावर बसून अर्ज लिहू लागले, खाली सही न करता. लोक तिथं यायचे, कमी यायचे. हुकूम पुढं आपोआप ढिला पडला, मग निघून गेला. तो रद्द झाल्याच्या दोन ओळी वर्तमानपत्रात आतल्या पानावर आल्या होत्या. आमच्या मांडवात झालं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पातेली परत आली, तळ हिरवा पडलेला.

धाकट्या भावाचं लग्न निघालं तेव्हा मोजणारं कुणी नव्हतं. अण्णांनी मांडवात पहिल्या पंगतीत, आपल्या उजव्या हाताला, चाचांचं पान मांडायला लावलं. भावकीतले दोघं ते बघून कुरकुरले. अण्णा म्हणाले, "बसायचं तर बसा, नायतर वाट मोकळी हाय." ते बसले. मग अण्णा स्वतः चाचांना आणायला गेले, आणि मी मागोमाग गेले.

चाचांनी नवरदेवाचा कोट शिवला होता, तो घडी घालून तयार होता. पण ते घरच्याच कपड्यांत बसले होते.

"चला," अण्णा म्हणाले. "पान मांडलंय. आत."

"मला ठाऊक आहे," चाचा म्हणाले. "पण मी लग्नात जेवत नाय आता. कुणाच्याच."

"कचेरीसमोर माझ्याशेजारी बसून जेवलात की!"

"तिथं मी लढायला बसलो होतो. तिथं कुणी उठवलं असतं तरी चाललं असतं. लग्नात माणूस असा बसत नाय. पान वाढलं की मला वाटतं, दारातून कुणी येईल आणि विचारील, तुम्ही कोण." त्यांनी कोट अण्णांच्या हातात दिला. "तुमच्यावर राग नाय, मियाँ. जेवण उतरत नाय, बस्."

अण्णा कोट घेऊन परत आले. ते पान कुणी उचलू दिलं नाही त्यांनी. पंगत उठेपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहिले आणि स्वतः जेवले नाहीत.

आज दोघंही नाहीत. हे कुणाला सांगितलं की लोक माझी समजूत घालतात, की अहो, टंचाई होती, आणि तो हुकूम तर केव्हाच रद्द झाला.